बेरे, उचल घेऊ नकोस

लिंतोंग निहुता, उत्तर सुमात्रा

प्रिय बेरे, माझ्या बहिणीच्या लेकी,

नव्या वर्षाला आलीस तेव्हा चुलीपाशी बसून दोन तास बोललीस, आणि मेदानला पोचल्यावर तेच सगळं फोनवर पुन्हा लिहून पाठवलंस. आईच्या पाउसेआंगच्या, लग्नात माहेरून मिळालेल्या, शेतात कांदा लावू, की मलेशियात पेनांगच्या कारखान्यात जाऊ? मी तीनदा वाचलं. कष्ट कर, धीर सोडू नकोस, हे तुला सांगायची गरज नाही. मला त्यातल्या दोनच ओळी खुपल्या. तोकेचा, माल घेणाऱ्या व्यापाऱ्याचा, माणूस म्हणतो, बी-खत-औषध सगळं आम्ही देतो, काढणीला वळतं करून घेऊ. पेनांगचा एजंट म्हणतो, पासपोर्ट-तिकिटाचे पैसे आत्ता राहू देत, पगारातून कापू. तुला हे दोन रस्ते वाटतात. दोन्हीकडे तोंडाशी उचल घेऊनच माणूस उभा आहे, हे तुला दिसलं कसं नाही?

उचल घेऊ नकोस. शेत कर नाहीतर कारखान्यात जा, पण उचल घेऊ नकोस.

लेकीकडच्या माणसांशी गोडीने बोलावं, एलेक मारबोरू, अशी आपली रीत. मी तुझा तुलांग, मामा, म्हणजे मी तर गोडच बोलायला हवं. या एका गोष्टीत मला ते जमत नाही. का, ते तुझ्या आईने तुला सांगितलं नसणार. म्हणून मीच सांगतो.

1997 साली आम्ही वडिलांच्या आणि आजोबांच्या अस्थी उकरून नव्या तुगूत, घराण्याच्या स्मारकात, नेल्या. मांगोंकाल होली काय असतं ते तू पाहिलं आहेस. म्हैस, डुकरं, तीन दिवस गोंदांगची वाद्यं, आणि प्रत्येक नात्याला त्याच्या मानाचा जांबार, मांसाचा वाटा. मी थोरला मुलगा. हातात पैसा नव्हता, पण उतारावर सिगारार उतांग कॉफीची झाडं भरात होती. सरकारने हे वाण अधिकृत केलं 2005 मध्ये. आम्ही ते कितीतरी आधीपासून लावत होतो. लवकर फळतं, जवळजवळ वर्षभर थोडंथोडं देतं, म्हणून नावच पडलं ‘कर्ज फेडणारं’. त्या झाडांवर मी तोकेकडून उचल घेतली. पुढच्या दोन वर्षांची कॉफी त्याला, त्या दिवशीच्या भावाने. हिरव्या पिकाचा सौदा. इजोन.

पुढच्याच वर्षी आपला रुपिया कोसळला. 1997 च्या मध्याला डॉलरला अडीच हजारांच्या आत असलेला, जून 1998 मध्ये सोळा हजारांच्या पार गेला. जावामध्ये लोकांच्या नोकऱ्या गेल्या, दंगली झाल्या. इथे कॉफीवाल्यांचं नशीब उघडलं. माल परदेशी जाणारा, त्यामुळे भाव कितीतरी पटींनी चढले. शेजाऱ्यांनी मोटरसायकली आणल्या, घरांवर नवे पत्रे चढवले. आणि मी दर ओनानला, बाजाराच्या दिवशी, ओली कॉफी पोत्यात भरून तोकेकडे नेत होतो, जुन्या भावाने. तो पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचा, तळातला एक दाणा काढून दाताखाली धरायचा आणि म्हणायचा, फार ओली आहे. मग माप भरताना वरचा ढीग हाताने सपाट करायचा तो त्याच्या बाजूला. मी बघत उभा. बोलायची सोय नव्हती. माल माझा नव्हताच.

त्याच वर्षी तुझ्या आईला मेदानच्या नर्सिंगच्या शाळेत जागा मिळाली होती. पत्र आलं त्या संध्याकाळी ती अंगणात कॉफी धूत होती. हात चिकट, म्हणून पत्र मी वाचून दाखवलं. फीचा आकडा वाचला आणि पुढे वाचता आलं नाही. तिने काही विचारलं नाही. पाणी ओतून टाकलं आणि दुसरी बादली घेतली. पुढे तिचं लग्न झालं, तेव्हा मी पाच रांत्यांचं ते शेत तिला पाउसेआंग म्हणून दिलं. लोक म्हणाले, वडील नसताना भावाने केवढं केलं. मी कशापोटी दिलं ते मला ठाऊक आहे, आणि बहुतेक तिलाही.

लापोत, ताडीच्या गुत्त्यात, बसणारी पोरं आता म्हणतात, घरांपेक्षा थडगी मोठी बांधली म्हणून ही गावं रिकामी झाली. मी ते ऐकून घेत नाही. वडिलांच्या अस्थी वर नेल्या त्यात माझं काही चुकलं नाही. ते मी पुन्हा करीन. दोन वर्षं थांबून, स्वतःच्या पैशाने करीन. चूक त्या सोहळ्यात नव्हती, उचलीत होती. हे मी तुझ्या आईसमोरही म्हणेन.

तू म्हणशील, कर्जाशिवाय कुणाची शेती झाली आहे? अगं, कर्ज वेगळं आणि उचल वेगळी. सीयूतून, पतसंस्थेतून, कर्ज काढलंस तर सीयू व्याज मागेल, हप्ता मागेल. कांदा कुणाला विकायचा, कोणत्या दिवशी, कुणाच्या मापाने, ते तुझं तू ठरवशील. उचलीत तेच आधी जातं. 2019 च्या अखेरीला डुकरांची ती साथ आली तेव्हा आपल्या आळीत गोठेच्या गोठे रिकामे झाले. ज्यांनी स्वतःची डुकरं पाळली होती ते रडले आणि पुन्हा उभे राहिले. ज्यांनी पिल्लं आणि खाद्य उचलीवर आणलं होतं त्यांच्या कॉफीवर त्याच तोकेचं नाव लागलं.

पोलुंगकडच्या सरकारी शेती-प्रकल्पाचं उदाहरण मला देऊ नकोस. 2020 मध्ये तिथल्या रिया-रिया गावाला यंत्रं आली, बटाटा, कांदा, लसूण लागला. पहिल्या हंगामाला बी-खत मिळालं. पुढे स्वतःच्या पैशावर करायची वेळ आली तेव्हा काहींची रानं पडीक राहिली. तिथले लोक आळशी नाहीत. दुसऱ्याच्या पैशावर सुरुवात एवढी मोठी झाली होती की आपल्या पैशावर ती पेलली नाही.

म्हणून लहान सुरुवात कर. पाच रांते म्हणजे दोन हजार चौरस मीटर, सगळं एकदम हिरवं दिसायला हवं असं कुठे लिहिलं आहे? दोन-तीन रांते भात, खायला. एक रांता कांदा. बांधाला अंदालिमान, मसाल्याचं झुडूप, लाव. काटे बोचतात, पण त्याला खतावर पैसा घालावा लागत नाही. कांदा निघाला की सगळा एका दिवसात विकू नकोस. जुड्या बांधून चुलीवर धुरात टांग आणि ओनानला थोडाथोडा ने. लोक हसतील. शिकलेली पोर एक रांता कांदा करते म्हणतील. हसू देत.

आणि पेनांगलाच जायचं मनात असेल तर जा, मी अडवणार नाही. आपली निम्मी माणसं बाहेरच पोट भरतात. पण पासपोर्टचे पैसे स्वतः भर, आणि तो पासपोर्ट कुणाच्याही कपाटात ठेवायला देऊ नकोस. पैसे साठायला वर्ष लागेल तर वर्षाने जा. एवढी घाई कशाची? चोविसाव्या वर्षी तुला वाटतं वेळ निघून चालली. अगं, मी त्या वयात होतो तेव्हा मलाही असंच वाटायचं, आणि त्याच घाईने तोकेच्या वहीत मी अंगठा... सही केली, मला लिहिता येत होतं. वाचताही येत होतं. सगळं वाचून केली.

पुढच्या ओनानच्या आदल्या दिवशी ये. माझ्या चुलीवर कांद्याचं बी टांगलेलं आहे, अर्ध्या रांत्याला पुरेल. ते तुला देतो, पण विकत, बाजारभावाने, रोख. भाचीकडून पैसे घेतो म्हणून तुझी मामी माझ्याशी भांडेल, तिचं मी बघतो. पैसे कमी पडले तर जेवढे असतील तेवढंच बी ने.

तुझा,
तुलांग