हातची वस्तू : डाव्या हाताला कोणता चाकू?

प्रश्न : काका, नमस्कार. मी इंदूरच्या सुदामानगरात राहते आणि पीथमपूरच्या एका कारखान्यात पॅकिंग विभागात नोकरी करते. कंपनीच्या बसने जाणं-येणं असतं. पर्समध्ये एक घडीचा चाकू असावा असं फार दिवसांपासून मनात आहे. दुपारी डब्याबरोबर पेरू, काकडी, सफरचंद असं काहीतरी असतं आणि आम्ही चौघी वाटून खातो. कधी खोक्याची चिकटपट्टी कापायची असते, कधी घरी आलेलं पार्सल. रविवारी बाबांबरोबर महूजवळच्या शेतात जाते, तिथे सुतळी असते, ठिबकची नळी असते. वाढदिवसाला मावशी चाकू घेऊन देणार आहे आणि मी दोनांवर येऊन अडकले आहे. एक व्हिक्टोरिनॉक्सचा लाल 'स्पार्टन', दुसरा ओपिनेलचा लाकडी मुठीचा आठ नंबर. दादा म्हणतो, लाल घे, त्यात सगळं आहे. मी डावखुरी आहे, हेही सांगून ठेवते. आणि असा चाकू जवळ बाळगणं कायद्यात बसतं ना?

उत्तर : बेटा, डावखुरी असल्याचं तू जाता जाता लिहिलंस, पण माझ्या दृष्टीने तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच. आयटीआयमध्ये फिटर ट्रेडला मी तीस वर्षं शिकवलं. दर बॅचला एक-दोन डावखुरी मुलं असायचीच, आणि साधी पत्र्याची कात्री हातात घेतली की त्यांची रेघ वाकडी जायची. मुलांना वाटायचं, आपला हातच वाईट. हात चांगला असायचा. कात्री उजव्या हातासाठी केलेली असते, तिचं वरचं पातं डावखुऱ्याची रेघ झाकून टाकतं.

घडीच्या चाकूतही अशीच एक जागा असते. पात्याच्या पाठीजवळ नख अडकवायला एक खाच असते आणि ती बहुतेक चाकूंना एकाच बाजूला पाडलेली असते. उजव्या हाताचा माणूस चाकू डाव्या मुठीत धरतो, उजव्या अंगठ्याचं नख खाचेत घालतो आणि ओढतो. तू चाकू उजव्या मुठीत धरलास की खाच तुझ्या अंगठ्याच्या उलट बाजूला जाते. स्पार्टनची स्प्रिंग कडक असते, पातंही इतर अवजारांच्या शेजारी दाटीने बसलेलं असतं, त्यामुळे चिमटीत धरायला फारशी जागा मिळत नाही. ओपिनेललाही खाच एकाच बाजूला आहे, पण तिथे पातं मिटल्यावरही त्याची पाठ मुठीबाहेर बरीच उघडी राहते. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत ती पाठ धरायची आणि उघडायचं. मग हात डावा की उजवा हा प्रश्नच उरत नाही. दुकानात जाशील तेव्हा दोन्ही चाकू दहा-दहा वेळा उघड-मीट करून बघ. दुकानदार घाई करायला लागला तरी कर.

आता दादाचं म्हणणं. स्पार्टनमध्ये मोठं पातं, छोटं पातं, डबा उघडायचं अवजार, बाटलीचं ओपनर, दोन्हींच्या टोकांना पेचकस, तार सोलायची खाच, टोचा, बुचाचा स्क्रू, चिमटा आणि दातकोरणं एवढं आहे. वस्तू उत्तमच आहे, तिला मी नावं ठेवणार नाही. पण तुझी यादी परत वाच. पेरू-काकडी, चिकटपट्टी, पार्सल, सुतळी, ठिबकची नळी. पाचही कामं पात्याची आहेत. पेचकस एकदाही आला नाही, डबा आला नाही, बाटली आली नाही. दादाच्या मनात जी यादी आहे ती दादाची. त्याला स्पार्टन जरूर घेऊन द्यावा.

पात्याचीच कामं असतील तर पातं कसं आहे हेच बघायचं. आठ नंबरचं पातं साडेआठ सेंटिमीटर लांब, पाठीला जेमतेम दीड-पावणेदोन मिलिमीटर जाड, आणि पाठीपासून धारेपर्यंत हलक्या फुगीर उताराने पातळ होत गेलेलं. पिकायला आलेला पण अजून कडक असा पेरू घे आणि जाड पात्याने मधोमध काप. निम्म्यात गेल्यावर पेरू कचकन फुटतो आणि फोड चिरल्यासारखी न दिसता तडकल्यासारखी दिसते. पातळ पातं शेवटपर्यंत शांत जातं, बिया जागच्या जागी राहतात आणि कापलेला भाग आरशासारखा सपाट निघतो. चौघींत वाटायचं म्हणजे चकत्या सारख्या हव्यात, आणि त्या असल्याच पात्याने होतात. मुठीत शिरून राहणाऱ्या छोट्या पात्याने काकडी कापताना बोटांची पेरं डब्याच्या झाकणावर आपटतात, हेही तुझ्या लक्षात येईल.

यादीतली चिकटपट्टी मात्र तू खोडून टाकावीस. तिचा गोंद पात्याला चिकटून राहतो, तेच पातं दुपारी पेरूत जातं, आणि खोक्याचा पुठ्ठा धार फार लवकर मारतो. पॅकिंग विभागात कटर असणारच, तो त्या कामाचा. खाण्याचा चाकू खाण्याचाच राहू दे. सुतळी, नळी चालेल, पण नंतर धुऊन पुसायचा.

नळीवरून दुसरी गोष्ट आठवली आणि ती मी प्रत्येकाला सांगतो. स्पार्टनचं पातं उघडल्यावर फक्त स्प्रिंगच्या दाबाने टिकतं, त्याला लॉक नाही. ओपिनेलला मुठीच्या तोंडाशी पोलादी कडी आहे, ती फिरवली की पातं मिटत नाही. ही कडी मार्सेल ओपिनेलने १९५५ मध्ये काढली. पंचवीस एक वर्षांपूर्वी मी कुलरच्या रबरी नळीला भोक पाडत होतो. हातात लॉक नसलेला चाकू, आणि मी टोक नळीत खुपसून दाबत होतो. टोक अडकलं, पातं उलटं मिटलं आणि तर्जनीच्या मधल्या पेरावर बसलं. चार टाके पडले. आजही थंडीत ते पेर नीट वळत नाही. कापताना जोर धारेकडे जातो आणि तो पात्याला उघडं ठेवतो. खुपसताना जोर टोकावर येतो आणि तो पात्याला मिटवतो. लॉक असलेल्या चाकूनेसुद्धा खुपसू नये, पण शेतात कामाच्या नादात हात कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून कडी हवी. पर्ससाठीही ती कामाची आहे. मिटल्यावर कडी फिरवून ठेवली की चाकू आतल्या आत उघडत नाही. आताच्या ओपिनेलमध्ये कडी दोन्ही बाजूंनी धरते. मिटताना आधी कडीची फट पात्याच्या रेषेत आणायची आणि बोटं खोबणीतून बाजूला घ्यायची.

लाकडी मुठीचा दोषही सांगतो, कारण आपल्याकडे जुलै-ऑगस्ट कसे असतात हे तुला माहीतच आहे. मूठ बीच लाकडाची आहे. ती ओली हवा पिते, फुगते आणि पातं आत घट्ट बसतं. तेव्हा ओढाताण करू नकोस. कडी मोकळी करायची, चाकू उभा धरायचा आणि मुठीचं मागचं टोक टेबलाच्या कडेवर ठक्क करून आपटायचं. पात्याची पाठ दोन-चार मिलिमीटर बाहेर येते आणि चिमटीत सापडते. चाकू फ्रान्सच्या ज्या सॅव्हॉय प्रांतातला आहे, तिथलीच ही रीत आहे. पावसाळ्याआधी पातं उघडून मुठीला, विशेषतः आतल्या खोबणीला, अळशीचं तेल हलक्या हाताने चोळायचं आणि दोन दिवस सावलीत वाळू द्यायचं. सिंकमध्ये भिजत घातलास तर मात्र काही उपाय नाही.

मावशीला एक गोष्ट नक्की सांग : स्टेनलेसचा घ्यायचा. आठ नंबर दोन पोलादांत मिळतो. कार्बन स्टीलची धार लावायला फार गोड. माझ्याकडे तोच आहे आणि मला तो प्रिय आहे. पण तो पाळावा लागतो. आमच्या आईची विळी लोखंडी होती. कैरीच्या लोणच्याच्या दिवसांत पातं तासाभरात काळंनिळं व्हायचं, पहिल्या दोन फोडींना कडेने काळी रेघ यायची आणि त्या आई बाजूला काढायची. कार्बन स्टीलचं असंच असतं. लिंबू, कैरी, डाळिंब कापलं की लगेच धुवा, पुसा, तेलाचं बोट फिरवा. बसची वेळ गाठायची असताना तुझ्याच्याने ते रोज होणार नाही, आणि होऊ नये.

एक गंमतीचा योग सांगतो. व्हिक्टोरिनॉक्सचा संस्थापक, स्वित्झर्लंडमधल्या इबाख गावचा कार्ल एल्सनर, याने लष्करी ऑफिसरांसाठीचा चाकू नोंदवला तो १२ जून १८९७ रोजी. स्पार्टन त्याच वंशातला. आणि त्याच १८९७ सालात फ्रान्समध्ये जोसेफ ओपिनेलने आपल्या चाकूंना एक ते बारा नंबर दिले. एकाने एका मुठीत जास्तीत जास्त किती मावेल ते पाहिलं, दुसऱ्याने एकाच पात्याचे बारा आकार केले. तुला दोन्ही एकदम आवडले यात नवल नाही.

कायद्याचं. मध्य प्रदेशात १९७४ च्या अधिसूचनेप्रमाणे सार्वजनिक जागी ६ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचं धारदार हत्यार बाळगायला मनाई आहे. स्प्रिंगच्या जोराने उघडणारा चाकू तर पातं केवढंही असलं तरी चालत नाही. तेव्हा बटण दाबलं की खटकन उघडणारा चाकू स्वस्तात मिळाला, कुणी भेट दिला, तरी घेऊ नकोस. तुझे दोन्ही चाकू हाताने उघडायचे आहेत आणि साडेतीन इंचांच्या आतले आहेत. तरी निवडणुकीच्या किंवा बंदोबस्ताच्या दिवसांत वेगळे आदेश निघतात, तेव्हा घरी ठेव. विमानाने जाशील तेव्हा मोठ्या बॅगेत टाकून चेक-इन कर, हातातल्या पर्समध्ये नको. आणि पहिल्याच दिवशी कारखान्याच्या गेटवर सुरक्षावाल्यांना आपण होऊन दाखव. फळं कापायला आहे म्हणून सांग, नाही म्हणाले तर चाकू शेतासाठी ठेव. झडतीत सापडला तर तीच वस्तू वेगळी दिसते.

धार लावायला सियागंजच्या हार्डवेअरच्या दुकानातून दोन बाजूंचा कार्बोरंडमचा दगड आण. कोन किती हे मुलं नेहमी विचारत, मी त्यांना कागद द्यायचो. कागदाचा काटकोनी कोपरा एकदा दुमडला की ४५ अंश, परत दुमडला की साडेबावीस. ती घडी दगडावर उभी ठेव आणि पात्याची पाठ तेवढीच उचल, किंचित कमीच. दोन्ही बाजूंना सारखे हात मार. दुसऱ्या बाजूला अंगठ्याला बारीक खरखर लागली की थांबायचं, दगड उलटवायचा आणि बारीक बाजूवर ती खरखर काढून टाकायची. महिन्यातून एकदा पुरे.

प्रश्न : ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून एका वाचकांनी लिहिलं आहे : आजोबांचा पितळी मुठीचा घडीचा चाकू माळ्यावर सापडला. पातं गंजून आत बसलं आहे, उघडतच नाही. पकडीने ओढू का?

उत्तर : पकड अजिबात लावू नका. पात्याची पाठ चेपेल, नाहीतर खिळा वाकेल आणि मग चाकू कायमचा गेला. ज्या खिळ्यावर पातं फिरतं, तिथे दोन्ही बाजूंनी शिलाई मशीनचं तेल थेंब-थेंब सोडा, चाकू फडक्यात गुंडाळून रात्रभर ठेवा आणि सकाळी तासभर उन्हात टाका. असं तीन-चार दिवस करा. केसाएवढं हललं की पुढे-मागे, पुढे-मागे, तेल घालत. बाहेर येणारं तेल आधी तपकिरी असेल, ते पुसत राहा. स्वच्छ येऊ लागलं की समजा मोकळा झाला. गंज काढायला तेलात बुडवलेली अगदी बारीक स्टील वूल वापरा. सँडपेपर नको, पात्याच्या बुडाशी कारागिराचा ठसा असेल तर तो पुसला जाईल. मूठ चिंचेने घासायची असली तर पात्याला आधी तेलाचा जाड हात द्या आणि चिंचेचं पाणी खिळ्यात उतरू देऊ नका.