दुधाच्या ग्लासाने बटण लागत नाही

प्रश्न: ताई, माझा मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत आहे. ३०व्या आठवड्यात झाला, वजन १३०० ग्रॅम, महिन्याहून जास्त काचेच्या पेटीत होता. अभ्यासात ठीक आहे पण शाळेच्या शर्टाची बटणं लावायला दहा मिनिटं, फळ्यावरचं उतरवून होत नाही, जिना उतरताना अजून कठडा धरतो. डबा अर्धा परत येतो. सासूबाई म्हणतात अंगात ताकद नाही, म्हणून पावडर घालून दिवसाला चार ग्लास दूध पाजतात. काय करू? (एक आई, भांडुप)

उत्तर: अहो, चार ग्लास दूध पोटात गेल्यावर डबा परत येणारच की! शिवाय इतकं दूध झालं की लोह कमी पडतं, एकतर दुधात ते नसल्यासारखंच आणि असलेलं शोषायलाही कॅल्शियम आडवं येतं. बाळ आईकडून लोह साठवतं ते मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत, ते तुमच्या पिल्लाला पुरते मिळालेच नाहीत. आता आठव्या वर्षी तो हिशोब जुना झाला, तरी एकदा हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) बघून घ्या. मटकीच्या उसळीवर लिंबू पिळा, अंडं चालत असेल तर द्या, आणि जेवणासोबत चहा अजिबात नको.

पण बटणाचं दुखणं बहुतेक ताकदीचं नाहीच. ३२ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या मुलांमध्ये मेंदू आणि हातापायांचा ताळमेळ उशिरा बसणं बरंच दिसतं, हुशारी छान असते आणि हात ऐकत नाहीत, मग शाळेत शिक्का बसतो आळशी म्हणून (मला याचा फार राग येतो). डॉक्टर याला डीसीडी (डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर) म्हणतात, पण ते तपासूनच ठरतं, पत्रावरून नाही. आधी बालरोगतज्ज्ञ, डोळेही तपासा, मग ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं हाताला जमावीत म्हणून सराव करून घेणारे तज्ज्ञ. तुम्हाला सायन हॉस्पिटल जवळ पडेल, केईएम आणि नायरलाही हा विभाग आहे, केसपेपर काढून सकाळीच जा. जन्माचं डिस्चार्ज कार्ड न्यायला विसरू नका.

तोवर घरी शर्ट मांडीवर पसरून बटणं लावू द्या, अंगावर नंतर, आणि सुरुवात खालच्या बटणापासून, कारण ते डोळ्यांना दिसतं. मटार सोलू दे, कणकेचे गोळे करू दे, वाळत टाकलेल्या कपड्यांना चिमटे लावू दे. बाईंना भेटून फळ्यावरचं थोडं कमी उतरवायला द्यायला सांगा.

आणि दूध दोन ग्लास पुरे, ते सासूबाईंच्याच हातून, जेवणानंतर तासाभराने.