जुन्या रेल्वेतलं 'पुलमन' ब्लँकेट: खरं कसं ओळखायचं, घरी धुवायचं का?

न्यू जर्सीत जुन्या सामानाच्या विक्रीतून तुम्ही 'पुलमन' अक्षरांचं निळं लोकरी ब्लँकेट आणलंय आणि आता ते धुवायचंय. थांबा. त्याची सगळी गंमत रंगात आहे, आणि पहिल्याच धुण्यात तो उतरू शकतो.

अमेरिकेतल्या पुलमन कंपनीच्या शयनयानांत प्रवाशांना तपकिरी छटेची ब्लँकेटं मिळत. डब्यात राबणाऱ्या कृष्णवर्णीय पोर्टरांना (प्रवाशांच्या सेवकांना) निळी. दोन्हींची सरमिसळ चालत नसे. प्रवाशांची विरली की निळी रंगवून पोर्टरांकडे जात. तेव्हा काठाची शिवण उसवली असेल तिथे भिंगातून बघा. शिवणीच्या दाबाखाली रंग कमी मुरतो. धाग्याच्या पोटात तपकिरी दिसलं, तर ते मागाहून रंगवलेलं. असा रंग पाण्यात सुटण्याची भीती जास्त.

मग अक्षरं पाहा. विणलेली असतील तर धाग्यांचा माग मागच्या बाजूलाही दिसतो, दुहेरी विणीत रंगही उलटतात. छपाईला असं काही नसतं. लोकरीचं प्रमाण सांगणारी चिठ्ठी आणि त्यावर 'डब्ल्यूपीएल' क्रमांक (अमेरिकेतल्या लोकरी मालाच्या कंपनीचा नोंदणी क्रमांक) असेल, तर ब्लँकेट १९४१ किंवा नंतरचं. चिठ्ठी नाही म्हणून लगेच जुनं म्हणू नका, ती कापली गेलेली असू शकते. कंपनीने शयनयानं चालवणं १९६८च्या अखेरीस थांबवलं, म्हणजे डब्यात वापरलेलं ब्लँकेट त्याआधीचंच.

बारीक भोकं किंवा रेशमी जाळीसारखे धागे दिसले तर कसर लागली आहे. ब्लँकेट कोरडं असतानाच प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि उणे १८ अंश सेल्सिअसवर दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडू नका, नाहीतर थंड लोकरीवर दव धरतं. डांबरगोळ्यांचा वास वर्षानुवर्षं जात नाही, त्या टाळा.

धूळ काढायला व्हॅक्युमच्या तोंडावर जाळी बांधून अगदी कमी जोर ठेवा. बहुतेक वेळा एवढं पुरतं.

धुवायचंच असेल तर आधी पांढरं सुती फडकं साबणाच्या कोमट पाण्यात भिजवून, पिळून प्रत्येक रंगावर १० मिनिटं दाबून धरा. फडक्याला रंग लागला तर विषय संपला, वस्त्रसंवर्धकाला दाखवा. नाही लागला तर ३० अंश सेल्सिअसखालचं पाणी, लोकरीसाठीचा सौम्य साबण, खंगाळायचं पाणीही त्याच तापमानाचं. घासलं, पिळलं की लोकरीचे खवले एकमेकांत अडकतात आणि ब्लँकेट आकसून नमदा होतं. क्लोरीनचं ब्लीच तर लोकर विरघळवतं. रिठा शालीला ठीक, इथे नको: त्याची तपकिरी झाक बसते. भिजलेली लोकर स्वतःच्या वजनाने ताणली जाते, म्हणून खाली चादर घालून उचला आणि सावलीत आडवं पसरून वाळवा.

नंतर ते सुती मलमलीत गुंडाळून जाड नळीवर ठेवा. घडीच घालायची असेल तर दर सहा महिन्यांनी दुमड बदला.