भूल दिलेल्या रुग्णाचं समाधान मोजायचंय? आधी एवढं कर

अभ्यासाला भूल दिलेल्या रुग्णाचं समाधान हा विषय चांगला निवडलास, मनापासून कर. पण "भूल कशी वाटली, समाधान आहे ना?" या एकाच प्रश्नावर थांबू नकोस. जवळजवळ प्रत्येक जण "छान" म्हणतो आणि हाती काहीच लागत नाही.

सुरुवातीला मी राउंडला स्वतःच विचारायचो. स्पायनल (पाठीत सुई देऊन कमरेखालची भूल) दिलेल्या एका आजी हात जोडून म्हणाल्या, "देव आहात डॉक्टर." संध्याकाळी त्यांनीच वॉर्डातल्या मावशींना सांगितलं, की टेबलावर थंडीनं दातावर दात आपटत होते, पण पांघरूण मागायची भीती वाटली. तेव्हापासून माझा नियम: ज्यानं भूल दिली त्यानं विचारायचं नाही.

प्रश्न नेमके हवेत. थंडी वाजली का, मळमळलं का, दुखलं तेव्हा किती वेळात कोणी आलं, भूल देण्याआधी नीट समजावलं का.

नवख्यांच्या नेहमीच्या दोन चुका:

– रिकव्हरी रूममध्येच फॉर्म भरून घेणं. मिडाझोलॅम हे गुंगीचं औषध दिलं असेल तर रुग्णाला धड आठवतही नाही. दुसऱ्या दिवशी जा.
– क्यूओआर-१५ ही तयार प्रश्नावली म्हणजे समाधानाची मोजणी असं समजणं. त्यातले १५ प्रश्न आणि १५० गुण रुग्ण कितपत सावरला ते सांगतात. सावरलेला माणूसही नाराज असू शकतो.

प्रश्नावली मराठीत केलीस की दुसऱ्या कोणाकडून ती परत इंग्रजीत करून घे. अर्थ कुठे घसरला ते लगेच दिसतं. एथिक्स कमिटीची परवानगी आली की दहा रुग्णांना विचारून बघ. आकडेमोड नंतर. ते दहा फॉर्म घेऊन ये, एकत्र बसून वाचू.