सोलापुरात बेस गिटारचा ब्रिज बदलून मिळेल का, की पुण्याला पाठवू?

तुमच्या प्रश्नावरून मला कळलं ते असं: चार तारांचा, फेंडर कंपनीच्या जाझ बेसच्या धाटणीचा बेस आहे, ब्रिजवरच्या (तारांचं एक टोक धरून ठेवणाऱ्या धातूच्या पट्टीवरच्या) सॅडलचे, म्हणजे प्रत्येक तार जिथे टेकते त्या छोट्या ठोकळ्यांचे, स्क्रू गंजलेत, ‘जी’ (G) ही सगळ्यात बारीक तार खरखरते, आणि जाड पितळी ब्रिज टाकला तर सूर जास्त टिकेल असं कुणीतरी सांगितलंय. सोलापुरात काम करणारं कुणी सापडेना म्हणून पुण्याला कुरिअर करायच्या विचारात आहात.

कुरिअर करू नका. मी इथेच ऑर्केस्ट्रात बेस वाजवतो आणि ही कामं घरीच करतो. हात स्थिर असेल आणि घाई नसेल तर तुम्हालाही जमेल. पण नवा ब्रिज मागवण्याआधी खरखर कुठून येते ते शोधा. प्रत्येक सॅडलला उंचीचे दोन बारीक स्क्रू असतात. त्यातला एक जरी खालच्या पट्टीला टेकलेला नसला तर सॅडल एकाच पायावर उभं राहतं आणि तार छेडली की थरथरतं. जी तार मोकळी वाजवा आणि ती वाजत असताना सॅडल बोटाने दाबून धरा. आवाज साफ झाला तर दुखणं तिथेच आहे. मग गंजलेल्या स्क्रूंवर शिलाई मशीनचं तेल सोडा, रात्रभर राहू द्या आणि सकाळी फिरवून बघा. ॲलन की मात्र नेमक्या मापाची हवी. बहुतेक आशियाई बनावटीच्या ब्रिजना १.५ मिमीची लागते, अमेरिकन फेंडरना बऱ्याचदा ०.०५० इंचाची, म्हणजे १.२७ मिमीची. ढिली की घातली की स्क्रूचं तोंड गुळगुळीत होतं आणि मग तो निघता निघत नाही. नुसते स्क्रूच गेले असतील तर नट-बोल्टच्या दुकानात जुना स्क्रू दाखवून त्याच मापाचे ग्रब (बिनडोक्याचे) स्क्रू मागा. सॅडलचे आटे गेले असतील तर एमआयडीसीतला एखादा लेथवाला नवे पाडून देईल. यंत्रमागाच्या गावात आटे पाडणाऱ्यांची कमी नाही.

आता सुराच्या टिकण्याबद्दल. जड ब्रिजने फरक पडतो, पण थोडा. तारेचा पहिला ठोका जरा ठाशीव लागतो, बस्स. जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या (बोटाखालच्या आडव्या धातूच्या कडीच्या) आसपास सूर लवकर विरत असेल, तर ते नेकचं, म्हणजे लांब दांड्याचं, काम आहे. नेक स्वतःच त्या सुराला थरथरते आणि तारेची ताकद खाऊन टाकते. कितीही महागडा ब्रिज टाका, ती जागा तशीच राहील. अमेरिकेतल्या मोटाउन कंपनीच्या रेकॉर्डवर बेसवादक जेम्स जेमरसन यांनी १९६२ च्या फेंडर प्रिसिजन बेसवर जे वाजवलं, ते वाकवलेल्या पत्र्याच्या साध्या ब्रिजवरच. म्हणून माझं मत असं की ब्रिज बदलायचा तो मजबुतीसाठी, सॅडल जागचं हलू नये यासाठी. आवाज पालटेल या आशेने पैसे घालू नका.

तरीही बदलायचंच ठरलं तर आधी मापं घ्या. जुन्या ब्रिजच्या स्क्रूंच्या भोकांमधलं अंतर, आणि ई (सगळ्यात जाड) ते जी तारेचं मधोमध ते मधोमध अंतर. फेंडर पद्धतीच्या ब्रिजला एका ओळीत पाच स्क्रू असतात आणि दोन तारांमध्ये साधारण १९ मिमी अंतर असतं. स्वस्तातल्या बेसवर हे जुळेलच असं नाही. तिसरं माप पट्टीच्या जाडीचं. जाड तळाचा ब्रिज सॅडल पार खाली नेऊनही तारा उंच ठेवतो, मग नेकच्या सांध्यात पातळ पाचर घालत बसावं लागतं. भोकं जुळणारा ब्रिज मिळाला तर अर्धं काम तिथेच संपलं.

टेबलावर चादर पसरा. आपल्या गावात तिची काय वाण! नेकखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवा. तारा एकदम कापू नका, हळूहळू सैल करून काढा. ब्रिज उचलला की खाली एक उघडी तांब्याची तार दिसेल. ती अर्थिंगची. ती ब्रिजला चिकटलेली नसली तर ॲम्प गुणगुणत राहतो आणि तारांना हात लावून काही फरक पडत नाही. तिचं टोक घासून चकचकीत करा, बोटाने पंख्यासारखं पसरवा आणि नव्या पट्टीखाली सपाट दाबलं जाईल असं ठेवा. ब्रिज काळ्या रंगाचा असेल तर तेवढ्या जागी खालचा रंग खरवडून धातू उघडा करा. बसवून झाल्यावर मल्टिमीटरचं एक टोक ब्रिजला, दुसरं जॅकच्या बाहेरच्या कड्याला लावा. बीप वाजला की झालं. पण या तारेने मंडपातल्या विजेचं अर्थिंग सुधारत नाही. जनरेटरवर वाजवताना ओठ माइकला आणि बोटं तारांना लागून झटका बसू शकतो, त्यामुळे आधी मंडपवाल्याकडून अर्थिंग तपासून घ्याच.

भोकं जुळत नसतील तर जुनी भोकं बुजवल्याशिवाय नवी पाडू नका, ड्रिल घसरून जुन्या भोकात जातं. सुताराकडून सागवानाच्या बारीक खुंट्या घ्या, फेव्हिकॉल लावून ठोका आणि एक दिवस वाळू द्या. मग नटच्या (नेकच्या वरच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीच्या) ई आणि जीच्या खाचांतून सॅडलपर्यंत साधा दोरा ताणा. शेवटच्या फ्रेटपाशी दोन्ही कडांना सारखी जागा सुटली की ब्रिज सरळ बसलाय. पुढे-मागे कुठे बसवायचा याचा हिशेब सोपा आहे: नट ते बाराव्या फ्रेटचं अंतर मोजा, ३४ इंची बेसवर ते ४३२ मिमी असतं, आणि त्याच्या दुप्पट अंतरावर जी तारेचं सॅडल यायला हवं. त्याहून मागे सरकायला वाव ठेवा, कारण जाड तारेला जास्त लांबी लागते. साडेतीन मिमीच्या स्क्रूला अडीच मिमीचं भोक पुरतं. बिटवर चिकटपट्टी गुंडाळून खोली ठरवा आणि स्क्रूच्या आट्यांना मेणबत्ती घासा.

तारा चढवल्यावर क्रम मोडू नका. आधी सूर लावा, मग नेकचा बाक बघा, मग उंची. बाराव्या फ्रेटवर दोन ते अडीच मिमीच्या आसपास बहुतेकांना सोयीचं पडतं. सगळ्यात शेवटी इंटोनेशन, म्हणजे दाबलेला सूर बरोबर लागतो का ते: बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर, दोन्ही ट्यूनरवर बघा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे, उतरलेला असेल तर पुढे. फोनच्या माइकला ई तार, म्हणजे ४१ हर्ट्झ, नीट ऐकू येत नाही, म्हणून केबल लावून चालणारा ट्यूनर वापरा. तारा जुन्या असतील तर ट्यूनर काहीही दाखवेल, या वेळी नव्याच घ्या. ई तारेचं सॅडल पार मागे नेऊनही सूर चढाच राहिला तर त्यामागची स्प्रिंग काढून थोडी कापा, बहुतेक वेळा तेवढ्याने निभावतं.

आणि उन्हाळ्यात हे करत असाल तर दुसऱ्या दिवशी परत तपासा. आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा नेक चांगलीच हलते. तुमच्या ब्रिजची मापं लिहून कळवा, कोणता बसेल ते बघून सांगतो.