पीसीच्या सुरुवातीच्या काळात महाग काय पडे, ऑपरेटिंग सिस्टीम की कंपायलर?

आयबीएम पीसी नवा होता त्या काळात ऑपरेटिंग सिस्टीमवर अधिक खर्च होई की प्रोग्रॅमिंगच्या साधनांवर (मुख्यतः कंपायलरवर, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम संगणकाला चालवता येईल अशा रूपात बदलणाऱ्या साधनावर), असे आपण विचारले आहे. माझ्या मते साधनांवर. मात्र नुसत्या छापील किमती शेजारी मांडल्या, तर हे सहज लक्षात येत नाही.

ऑगस्ट 1981 मध्ये हा संगणक आला, तेव्हा पीसी डॉस (थोडक्यात डॉस) या ऑपरेटिंग सिस्टीमची किंमत 40 डॉलर होती आणि काही महिन्यांनी मिळू लागलेल्या, डिजिटल रिसर्च कंपनीच्या सीपीएम-86 या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमसाठी 240 डॉलर मोजावे लागत. हा सहापट फरक डोळ्यांत भरतो. परंतु जाहिरातीतल्या 1,565 डॉलरच्या मूळ संचात अवघी 16 केबी मेमरी होती आणि डिस्क ड्राइव्ह नव्हताच, त्यामुळे त्यावर यांपैकी कोणतीच प्रणाली चालणे शक्य नव्हते. 64 केबी मेमरी, एक ड्राइव्ह आणि मॉनिटर घेतला की आकडा 3,005 डॉलरवर जाई. त्यापुढे वाचणारे 200 डॉलर म्हणजे जेमतेम सात टक्के. तरीही बहुतेकांनी डॉसच घेतले, आणि त्यात नवल नाही. डिजिटल रिसर्चने 1983 मध्ये सीपीएम-86 ची किंमत 60 डॉलरवर आणली, पण तोवर उशीर झाला होता.

बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा रॉममध्ये, म्हणजे संगणकातल्या कायमस्वरूपी मेमरीतच असल्याने त्यासाठी वेगळे पैसे पडत नसत. पास्कल या दुसऱ्या भाषेच्या कंपायलरला मात्र सुमारे 300 डॉलर लागत, म्हणजे डॉसच्या सातपटीहून अधिक. शिवाय वेळ जाई तो निराळाच: एडिटरमध्ये प्रोग्रॅम लिहून फ्लॉपीवर साठवायचा, एडिटर बंद करून कंपायलरचे टप्पे एकामागून एक चालवायचे, मग तयार तुकडे जोडून चालणारा प्रोग्रॅम बनवणारा लिंकर, आणि एखादा अर्धविराम राहिला असेल तर पुन्हा एडिटरपासून सुरुवात. (ज्यांच्याकडे एकच ड्राइव्ह होता, त्यांना मधूनमधून फ्लॉपीही बदलाव्या लागत.)

म्हणूनच नोव्हेंबर 1983 मध्ये बोरलँड कंपनीने 49.95 डॉलरला आणलेला टर्बो पास्कल हा कंपायलर मला डॉसच्या किमतीपेक्षाही महत्त्वाचा वाटतो. त्यात एडिटर आणि कंपायलर एकाच प्रोग्रॅममध्ये होते, प्रोग्रॅम मेमरीतच कंपाइल होई, आणि चूक सापडली की कर्सर थेट त्या जागी जाऊन थांबे. तो डॉस, सीपीएम-86 आणि आठ-बिट संगणकांवरील जुन्या सीपीएम या तिन्हींसाठी उपलब्ध होता, त्यामुळे ज्याने सीपीएम-86 साठी 240 डॉलर मोजले होते, त्यालाही कंपायलर स्वस्तातच मिळाला.