त्याला विचारलंस का?

लेकरा,

तुझ्या पत्रात तुझ्या डाळ मिलमधल्या त्या कर्णबधिर मुलाबद्दल दोन पानं आहेत. घंटा ऐकू येत नाही, माल वर चढवणारा एलिव्हेटर सुरू झालेला कळत नाही, उद्या हात गेला तर काय. म्हणून त्याला कट्टे (मालाची पोती) शिवायच्या मशीनवरून काढून गेटवर बसवायचं, पगार तोच ठेवायचा. त्याचं स्वतःचं म्हणणं मात्र एका ओळीतही नाही. त्याला विचारलंस का?

भीती खरी आहे. डाळ मिलमधला पट्टा कुणाची गय करत नाही. पण कट्टे शिवण्यात त्याचा हात बसलाय, हे तूच लिहितेस. मग गेटवर तो काय करणार? ट्रकचा हॉर्न तरी त्याला ऐकू येणार आहे का?

आमच्या लातूरच्या मिलमध्ये वजनकाट्यावर पोलिओ झालेला एक माणूस होता. सगळ्यांचं मत, त्याला चांगली खुर्ची द्यावी. मी त्यालाच विचारलं. खुर्ची नको म्हणाला. संडासात उठताना धरायला काही नव्हतं, म्हणून तो कामावर पाणीच पीत नव्हता. तेही मे महिन्यात! भिंतीत धरायला लोखंडी पाइपचा एक तुकडा बसवला, काम झालं. बसल्या जागी मला हे कधी सुचलं असतं?

तुझा अकाउंटंट म्हणतो, 20 च्या आत माणसं असली की आपल्याला काही लागू नाही. ते सोडून दे. दिव्यांग हक्कांचा 2016 चा कायदा खासगी आस्थापनांनाही समान संधीचं धोरण जाहीर करायला सांगतो. 2017 च्या नियमांत 20 चा आकडा आहे खरा, पण त्याखालच्यांना सूट नाही. त्यांचं धोरण छोटं, एवढंच: दिव्यांग कामगाराला काम नीट करता यावं म्हणून कोणत्या सोयी देणार, ते लिहायचं. मालकावर अवाजवी बोजा पडू नये, हेही कायद्यातच आहे. घंटेच्या स्विचवर एक लाल दिवा जोडणं झेपत नाही, असं मला सांगू नकोस. पण दिवा लावायचा कुठे? शिवताना त्याची नजर कुठे असते, ते त्यालाच माहीत. म्हणून म्हणतो, त्याला विचार.

आमचे पाहुणे म्हणायचे, मिलचा आश्रम केलाय. मी आश्रम केला नाही. वजनात चूक झाली की काट्यावरच्या त्या माणसाला इतरांसारखाच बोललो, दिवाळीचा बोनसही इतरांइतकाच दिला. हट्टी म्हणतात, म्हणू देत.

खंत वेगळीच आहे. शेजारच्या मिलमध्ये एका पोराची बोटं गेली. मालक मनाने वाईट नव्हता. दवाखान्याचा खर्च केला, वर पैसे दिले आणि 'आता आराम कर' म्हणून घरी पाठवलं. विशीतलं पोरगं, आराम कर! दुसऱ्या हाताने आवक-जावक लिहिली असती, मालाचा नमुना तपासला असता. कुणी विचारलंच नाही. माझा निरोप पोचेपर्यंत त्याने गाव सोडलं होतं.

इलेक्ट्रिशियन सोमवारी येतोय ना? त्याआधी त्या मुलाशी बस. खुणा समजत नसतील तर त्याच्या बहिणीला बोलाव, पण प्रश्न त्याच्याकडे बघून विचार, बहिणीकडे नाही. मशीन बंद ठेवून त्याला मिलभर फिरव, कुठे कुठे धास्ती वाटते ते त्याला दाखवू दे. त्याने दाखवलेल्या जागा कागदावर काढून मला पाठव, वायरिंगचं मी बघतो.